सुरूचे बन आणि पाइनचा चहा

हजीरा, सुवाली, डुमस या किनाऱ्यावर वावरणाऱ्या मराठी माणसाला सुरूच्या बनाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. कोकणातून येथे स्थायिक झालेल्यांना तर ते आपल्या गावचेच झाड वाटते. अलीकडे मात्र या झाडाकडे वेगळ्याच दृष्टीने पाहिले जाऊ लागले आहे. परदेशात पाइन वृक्षाची सुईसारखी पाने गरम पाण्यात मुरवून चहा करतात. त्यात 'क' जीवनसत्त्व असते, हे खरे आहे. परंतु सुरूची 'पाने' व शंकूसारखी फळे पाहून त्यालाच पाइन समजण्याची चूक सहज होऊ शकते. म्हणून हा लेखप्रपंच.

या पेयाला इतिहास आहे. इ. स. १५३५-३६ च्या हिवाळ्यात फ्रेंच दर्यावर्दी झाक कार्त्ये याचे खलाशी कॅनडात स्कर्व्हीने मरू लागले, तेव्हा तेथील मूळ रहिवाशांनी एका सदाहरित वृक्षाच्या पानांचा व सालीचा काढा देऊन उरलेल्यांना वाचविले. दुसऱ्या महायुद्धात वेढा पडलेल्या लेनिनग्राडमध्येही पाइनच्या पानांचा अर्क स्कर्व्हीवर दिला जात असे. ज्यांना ताजे फळ वा भाजी मिळणे अशक्य होते, त्यांचा हा उपाय होता.

फळे मिळू शकत होती तेथे मार्ग सोपा होता. १६०१ मध्ये इंग्रज कंपनीच्या पहिल्या सफरीत कॅप्टन लँकेस्टरने 'रेड ड्रॅगन' जहाजावरील खलाशांना रोज लिंबाचा रस दिला आणि ते स्कर्व्हीपासून बचावले. हेच जहाज १६१२ मध्ये आपल्या सुवालीच्या समुद्रात पोर्तुगीजांशी लढले.

सुरू म्हणजे पाइन नव्हे

सुरू (कॅज्युअरिना) हा सपुष्प वृक्ष असून त्याचे पाइनशी कुळाचेही नाते नाही. ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियाकडील हे झाड भारतात १८६८ च्या सुमारास कारवार भागात लावले गेले. आपण ज्यांना पाने समजतो त्या वस्तुतः बारीक हिरव्या डहाळ्या होत. एक डहाळी दोन्ही हातांनी ओढावी. ती सांध्यावर अलगद सुटते आणि तेथे खवल्यांसारखी सूक्ष्म पाने वर्तुळात दिसतात. पाइनच्या सुया याउलट बुडाशी जुडग्याने असतात: चीड व चिलगोजा यांच्यात तीन-तीन, तर कैल या वृक्षात पाच-पाच. हे वृक्ष हिमालयातील आहेत. आपल्या किनाऱ्यावर ते नाहीत.

सुरूची साल टॅनिनयुक्त व स्तंभक आहे. टॅनिन अन्नातील लोहाच्या शोषणास अडथळा आणते. शिवाय कारखान्यांच्या व रहदारीच्या परिसरातील झाडांवर धूळ व काजळी बसते. त्यांची पाने कोणत्याही काढ्यासाठी तोडू नयेत.

धोकादायक साधर्म्य

बागेतील मोरपंखी (थुजा) हीदेखील पाइनसारखी भासते. तिच्यातील थुजोन अधिक मात्रेत आकडी आणू शकते. सर्वांत घातक वृक्ष म्हणजे यू. हिमालयातील यू वृक्षाची पाने कित्येकदा 'तालीसपत्र' या नावाने विकली जातात. वास्तविक आयुर्वेदातील तालीसपत्र हे ॲबीज या वेगळ्या वृक्षाचे मानले जाते. ज्या यू वृक्षांनी कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध दिले, त्यांच्याच पानांतील टॅक्सीन हृदयाची लय बिघडवून प्राण घेऊ शकते. त्यावर विशिष्ट उतारा नाही.

खरा पाइनही सर्वांना निर्धोक नाही. अमेरिकेतील पाँडेरोसा पाइनची पाने खाल्ल्याने गाभण गाईंचा गर्भपात होतो, हे सिद्ध झालेले आहे. गर्भवतींनी हा चहा टाळावा. आयुर्वेदात 'सरल' म्हणून चीड वृक्षाला स्थान आहे. परंतु त्याच्या राळेपासून निघणारे टर्पेंटाइन पोटात जाणे धोक्याचे. मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नये; ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे.

२०२१ मध्ये, पाइनच्या चहात 'सुरामिन' असते व तो लसीच्या तथाकथित दुष्परिणामांवर उतारा आहे, असा प्रचार झाला. सुरामिन हे प्रयोगशाळेत तयार होणारे कृत्रिम औषध आहे. ते कोणत्याही झाडाच्या पानात आढळत नाही.

व्यवसायबंधूंसाठी

अकारण उलट्या, आकडी, मंद वा अनियमित नाडी घेऊन रुग्ण आल्यास 'घरगुती काढा, चहा, चूर्ण काय घेतले?' हा प्रश्न अवश्य विचारावा. रुग्ण त्याला औषध मानीत नसल्याने आपणहून सांगत नाही. पानाचा नमुना मागवून ठेवावा. यूची शंका आल्यास लक्षणांची वाट न पाहता हृदयाच्या आलेखावर सतत लक्ष ठेवता येईल अशा ठिकाणी रुग्णास हलवावे.

सोपा पर्याय

'क' जीवनसत्त्व हवे असेल तर शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते. प्रौढाची दिवसाची गरज त्याच्या निम्म्याहून कमी आहे. आवळा तर पेरूच्याही पुढे. सुगंधी गरम पेय हवे असेल तर गवती चहा, आले व तुळस घरोघरी आहेतच. चहा उतरवल्यावर, कोमट झाला की त्यात लिंबू पिळावे.

सुरूचे बन वाळू धरून ठेवते, समुद्राचा वारा अडविते आणि आपल्याला सावली देते. त्याच्याकडून एवढीच सेवा घ्यावी. काढ्याची पाने मात्र ओळखीच्या झाडाचीच असावीत.