रात्रीची ‘लाईट’ आणि शरीरातले घड्याळ

“रात्रभर मोटारीवर होतो, सकाळी येऊन आडवा झालो, पण डोळ्याला डोळा लागत नाही.” गहू-हरभऱ्याला पाणी भरण्याच्या दिवसांत चोपडा तालुक्यात ही तक्रार नेहमी ऐकू येते. कृषिपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमुळे काही भागांत दिवसा वीज मिळू लागली. जेथे अजून रात्रीची पाळी आहे, तेथे शेतकऱ्याने केव्हा झोपायचे हे लाईटच ठरवते.

थकलेल्या माणसाला झोप का येऊ नये? कारण ती केवळ थकव्यावर अवलंबून नसते. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तेच आपले शरीरातले घड्याळ. १९६२ मध्ये मिशेल सिफ्र हा फ्रेंच तरुण घड्याळाविना दोन महिने गुहेत राहिला. १४ सप्टेंबरला बाहेर आला, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच होती! मात्र त्याचे शरीर साधारण साडेचोवीस तासांच्या फेऱ्याने झोपत-उठत होते. हा जास्तीचा वेळ रोज दुरुस्त करतो तो डोळ्यांवाटे जाणारा सकाळचा उजेड. अंधार पडला की मेलॅटोनिन हे संप्रेरक पाझरते आणि शरीर झोपेची तयारी करते. पाणी भरून परतणाऱ्याच्या डोळ्यांवर नेमके ऊन येते आणि घड्याळ म्हणते, दिवस उगवला!

हे घड्याळ दिवसाला जेमतेम तासभर सरकते. रात्रीच्या पाळीला ते रुळते न रुळते तोच पाळी पालटते. अपुऱ्या झोपेने चिडचिड होते, भूक बिघडते, लक्ष लागत नाही. विंचूकाट्याच्या अंधारात व विजेच्या स्टार्टरजवळ हे फारच धोक्याचे. असे महिनोन्‌महिने चालले, तर उदासीनतेचा आजार जडण्याची शक्यता वाढते. घरचे मात्र “कर्जाचे टेन्शन” म्हणून सोडून देतात. कर्ज असतेच, पण झोपेचाही विचार व्हावा. ज्याला उन्माद-उदासीनतेचा (बायपोलर) आजार आहे, त्याला एका जागरणानेही उन्मादाचा झटका येऊ शकतो. घरात असा रुग्ण असल्यास रात्रीचे पाणी दुसऱ्या कोणी भरावे.

पाळी थोड्याच दिवसांची असेल, तर घड्याळ उलटे करण्याच्या भानगडीत पडू नये. झोप दोन तुकड्यांत घ्यावी: परतल्यावर चार-पाच तास, आणि शेतात जाण्यापूर्वी तास-दीड तास. येताना डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर ओढावा (पायी असाल तरच!), खोलीच्या खिडकीला गोधडी लावावी. मध्यरात्रीनंतर चहा नको. झोपेसाठी दारू तर नकोच; तिने डोळा लागतो, पण झोप वारंवार मोडते. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नयेत. दिवसाच्या पाळीत मात्र सकाळी लवकर अंगणात यावे. भर उन्हाचा उजेड लाखभर लक्स असतो, ट्यूबलाईटच्या खोलीत तो दोन-तीनशेच. रात्र-रात्र अभ्यास करून दुपारी उठणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. मरणाचे विचार असल्यास दोन आठवडे वाट पाहू नये, माणसाला एकटे सोडू नये. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते, आणि मराठीतूनही.