तेलकट पाणी आणि ओले मोजे

सेनापतींच्या आत्मचरित्रांत नकाशे, बाण, तुकड्यांचे आकडे सगळं असतं. नसतात ते पायदळातल्या माणसाचे पाय! मला ते सापडले यूजीन स्लेज यांच्या 'विथ द ओल्ड ब्रीड'मध्ये (१९८१).

अलाबामातला हा पोरगा अमेरिकन मरीन दलात ६० मिलिमीटरच्या मॉर्टर तोफेवर होता. १५ सप्टेंबर १९४४ला तो प्रशांत महासागरातल्या पेलेलिऊ बेटावर उतरला. उन्हाचा कहर, आणि प्यायचं पाणी आलं ते तेलाच्या पिंपांतून, पिंपं नीट न धुताच. गंज आणि तेल पोटात गेल्यावर पोटं बिघडणारच. जमीन प्रवाळाची, फावडं चालेना. त्यामुळे धड खंदक नाही, शौचाला खड्डा नाही, मेलेल्यांना माती नाही. आणि या सगळ्यावर माश्या. बंदुकीपेक्षा मला ही पानं जास्त भ्यायला लावतात.

पुढच्या वर्षी जपानच्या ओकिनावा बेटावर उलटी तऱ्हा. पाऊस आणि गुडघाभर चिखल. बूट दिवसेंदिवस पायातच. अखेर मोजे उतरवले तेव्हा तळव्यांची मेलेली कातडीही सोबत सुटून आली.

सैनिकांना डायरी ठेवायला मनाई होती. स्लेज खिशातल्या बायबलच्या 'नव्या करारा'त गुपचूप टिपणं करत. त्यांतूनच पुढे पुस्तक झालं. 'द पॅसिफिक' (२०१०) ही मालिका पाहिली असेल, तर त्यातला स्लेज हाच. पण मालिकेत वास येत नाही. आधी पुस्तक वाचा.

आणि हो, युद्धानंतर हे गृहस्थ जीवशास्त्राचे प्राध्यापक झाले.