पाण्याला भिणारा मोती

कुत्र्याला पोहणें उपजतच येतें, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील १०८ व्या सूक्तांत इंद्राची दूती सरमा ही देवशुनी, पणींनीं लपविलेल्या गाईंच्या शोधार्थ रसा नदी ओलांडून जाते; आणि एवढें पाणी ती तरली तरी कशी, याचें पणींना मोठें नवल वाटतें. लहानपणीं वडिलांच्या तोंडून ही कथा ऐकतांना मला त्या पणींचें हंसूं येई. कुत्री ती, पोहायचीच! पुढें आमच्या मोतीनें मला शहाणें केलें.

सन २०२२ च्या उन्हाळ्यांत आम्ही सर्वजण माझ्या माहेरीं गेलों होतों. मोती त्या वेळीं दीड वर्षाचा होता. जात लॅब्रॅडॉर, म्हणजे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कोळ्यांबरोबर थंडगार समुद्रांत उड्या घेणाऱ्या कुत्र्यांचा वंशज. गांवाबाहेर ओढ्याला एक डोह आहे. मुलें डुंबत होतीं आणि मोती कांठावर कण्हत एक पाऊल पुढें टाकी, दोन मागें घेई. आमच्या भावोजींना तें पाहवेना. “काकांनीं मला असेंच विहिरींत ढकललें होतें, आलोंच कीं नाहीं शिकून?” असें म्हणत त्यांनीं मोतीला उचलून खोल पाण्यांत टाकलें. मी शेजारींच उभी होतें. मीही हंसलें, अडविलें नाहीं.

मोती बुडाला नाहीं. नाकातोंडांत पाणी गेलें, मागचे पाय खालीं लोंबकळूं लागले आणि पुढच्या पायांनीं पाणी उडवीत तो कसाबसा कांठाला लागला. म्हणजे पोहणें त्याला येत होतें! परंतु त्या दिवसापासून तो ओढ्याकडे तर नाहींच, पण न्हाणीघराकडेही फिरकेना. मनाला फार लागलें तें हें, कीं मी त्याच्या गळपट्ट्याला हात लावला कीं तो थरथरूं लागे.

पाय हालवितां येणें ही एक गोष्ट आणि पाण्यांत निर्धास्त असणें ही अगदीं निराळी. शिवाय सर्व कुत्र्यांची शरीररचना पोहण्याजोगी नसते. पग, बुलडॉग यांचें डोकें जड व नाक चपटें. नाक पाण्याबाहेर ठेवण्यासाठीं त्यांना मान उंच करावी लागते आणि त्यामुळें मागचा भाग बुडतो. डॅक्सहुंडचे पायच अपुरे पडतात. कारवानासारख्या सडपातळ कुत्र्याच्या अंगावर चरबी थोडी, म्हणून त्याला गारठा लवकर बाधतो. अशांना पाण्याच्या कडेला खेळूं द्यावें, त्यापलीकडे आग्रह धरूं नये.

पुण्याला परतल्यावर आम्ही मुळापासून आरंभ केला. अंगणांत एका पसरट टबांत दोन बोटें पाणी घालून ठेवलें आणि त्याच्या कडेला चपातीचा तुकडा टाकला. मोतीनें तुकडा घेतला व पळाला. पळूं दिला. आठ दिवसांनीं त्यानें एक पाय टबांत ठेवला, पंधरवड्यानें चारही. या सर्व काळांत त्याला ओढावयाचें नाहीं आणि वाटेल तेव्हां निघून जाण्याची मोकळीक द्यावयाची, हा नियम आम्ही कटाक्षानें पाळला. शेपूट पोटाखालीं गेलें, कान मागें पडले, किंवा कुत्रें उगाच ओठ चाटूं लागलें व जांभया देऊं लागलें, कीं तें घाबरलें आहे असें समजावें आणि एक पायरी मागें यावें.

पुढची पायरी उथळ व वाहत्या ओढीचें नसलेलें पाणी. तळ घट्ट आणि उतार हळूहळू जाणारा असावा. आपण स्वतः आधीं पाण्यांत शिरावें. घोट्याइतक्या पाण्यांत कांहीं दिवस नुसतें चालावें, मग पोटाइतक्या. आवडता चेंडू हातभर अंतरावरच टाकावा. पोहणारें, शांत स्वभावाचें दुसरें कुत्रें बरोबर असल्यास आपल्या दहा शब्दांचें काम तें एका उडींत करतें.

पूर्वी मुलांच्या पाठीला सुका भोपळा बांधून पोहावयास शिकवीत. कुत्र्याचा भोपळा म्हणजे बाजारांत मिळणारें तरंगतें जाकीट. पाठीवर मूठ असलेलें घ्यावें. तें आधीं घरीं कोरड्यांतच घालून संवय करावी आणि दोरी लावावयाची ती जाकिटाला, गळ्याला नव्हे. पाय तळावरून सुटले कीं पोटाखालीं हात देऊन मागचा भाग वर उचलून धरावा. पाठ पाण्याला समांतर झाली म्हणजे चारही पाय आपोआप लयींत चालतात. चारदोन हात पोहून झालें कीं कांठाकडे वळवावें आणि बाहेर पडण्याची जागा पुनःपुन्हा दाखवावी. बाहेर कोठून पडावयाचें हें ठाऊक असलेलें कुत्रें घाबरत नाहीं. पांच मिनिटें पुरेत. कुत्र्याची हौस शिल्लक असतांनाच थांबावें.

कांहीं गोष्टींविषयीं मात्र सावध राहिलें पाहिजे. शेततळ्यांत कुत्र्याला कधींही सोडूं नये. तळाशीं अंथरलेला प्लॅस्टिकचा कागद निसरडा असतो व उत्तम पोहणारें कुत्रेंही वर चढूं शकत नाहीं. सांगलीजवळ कृष्णेंत, चिपळूणला वाशिष्ठींत, महाडला सावित्रींत मगरी आहेत. हिरवट साय धरलेलें पाणी विषारी असूं शकतें. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस होतो. त्याची लस दरवर्षीं टोंचून घ्यावी. चेंडू आणतांना पुष्कळ पाणी पोटांत गेल्यास रक्तांतील क्षाराचें प्रमाण घटतें; कुत्रें झोकांड्या देऊं लागलें, ओकूं लागलें किंवा पोट फुगलें तर क्षणाचाही विलंब न लावतां पशुवैद्याकडे न्यावें. समुद्रावर जातांना पिण्याचें गोडें पाणी बरोबर न्यावें. पोहून आल्यावर अंग स्वच्छ धुवावें आणि लोंबते कान आंतून कोरडे करावे.

सन २०२३ च्या वैशाखांत आम्ही पुन्हा त्याच डोहावर गेलों. मी गुडघाभर पाण्यांत उभी राहिलें. हांक मारली नाहीं. मोती बराच वेळ कांठावर बसून होता. मग तो आपण होऊन उतरला, माझ्या पायांशीं आला, क्षणभर थांबला आणि माझ्या भोंवतीं एक संथ वळसा घालून पोहत परत गेला. त्या दिवशीं त्यानें असे सात वळसे घेतले.

भावोजीही कांठावर होते. ते पाहून त्यांनाही आनंद झाला व त्यांनीं कौतुकानें हात पुढें केला. घरीं मोती त्यांच्या मांडीवर डोकें ठेवून झोंपतो. पण तेथें, पाण्यापाशीं, तो दूरून वळसा घेऊन माझ्या मागें येऊन उभा राहिला. आजही तो तसेंच करतो. भीति घालविण्यास आम्हांला एक वर्ष लागलें. ती घालण्यास एक क्षण पुरला होता.