रात्रीच्या गाडीत शांत बर्थ कोणता?

वऱ्हाडातून मुंबईला जायचे म्हणजे रात्रीचा प्रवास. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर किंवा अकोल्याहून संध्याकाळी गाडीत बसायचे आणि सकाळी मुंबईत उतरायचे. अंतर साडेसहाशे किलोमीटरच्या घरात. या गाड्यांत फिरायला निघालेले लोक असतात, तसेच परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीसाठी निघालेले रुग्ण असतात, दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत असलेली मुले असतात, मंत्रालयात काम असलेले लोक असतात. उतरल्यावर त्यांना विश्रांतीला वेळ नसतो. स्टेशनवरच तोंड धुवायचे आणि कामाला लागायचे. अशा वेळी ‘रातभर डोयाले डोया लागला नाही’ ही तक्रार केवळ गैरसोयीची राहत नाही. झोप न झालेल्या माणसाचे लक्ष उडते, चिडचिड वाढते, डॉक्टरांनी सांगितलेले निम्मे डोक्यात शिरत नाही.

तिकीट काढताना आपण गाडी, वर्ग आणि भाडे पाहतो. बर्थ ‘कन्फर्म’ आहे एवढ्यावर समाधान मानतो. पण एकाच डब्यात, एकाच भाड्यात काही बर्थ बऱ्यापैकी शांत असतात आणि काही रात्रभर जागे ठेवतात. हा फरक नशिबाचा नाही. तो डब्याच्या बांधणीचा आणि आपल्या मेंदूच्या कामाच्या पद्धतीचा आहे.

झोप नेमकी कशाने मोडते?

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चांगल्या झोपेसाठी झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलपर्यंत आणि अधूनमधून होणारा आवाज ४५ डेसिबलपर्यंत असावा, असे म्हटले आहे. चालत्या गाडीतला आवाज याच्या कितीतरी वर असतो. तरीही अनेकांना गाडीत गाढ झोप लागते. याचे कारण असे की, मेंदू एकसारख्या आवाजाची सवय करून घेतो. चाकांची घरघर, पंख्याची किंवा एसीची भणभण काही वेळाने पार्श्वभूमीला जाते. उलट ती इतर बारीकसारीक आवाज झाकून टाकते.

झोप मोडते ती त्या पार्श्वभूमीवर अचानक उठणाऱ्या आवाजाने. दार आपटणे, चार्जिंगला लावलेल्या फोनची रिंग, बाजूने घासत गेलेली बॅग, इंजिनाचा भोंगा, कुणीतरी मारलेली हाक. झोपेतही कान बंद होत नाहीत. असा आवाज झाला की आपण पूर्ण जागे झालो नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात आणि गाढ झोप हलकी होते. सकाळी आपल्याला एखाद-दोन वेळा जाग आल्याचे आठवते. प्रत्यक्षात झोप त्याहून कितीतरी जास्त वेळा तुटलेली असते.

त्यात नव्या जागेचा परिणाम असतो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की, अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो जणू पहारा देतो आणि वेगळ्या आवाजाने चटकन जागा करतो. प्रवासातली रात्र ही नेहमीच अशी ‘पहिली रात्र’ असते.

गाडीत एक गोष्ट मात्र झोपेच्या बाजूची आहे. जिनिव्हातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रौढांना हळूहळू झुलणाऱ्या पलंगावर दुपारची झोप घ्यायला लावली. साधारण चार सेकंदांना एक झोका. स्थिर पलंगापेक्षा झुलत्या पलंगावर त्यांना लवकर झोप लागली. पाळण्यातल्या बाळाला जे कळते तेच हे. गाडीचे संथ हेलकावे झोप आणतात, दणके आणि हिसके ती घालवतात. म्हणून बर्थ असा हवा की, तिथे हेलकावे मिळतील पण दणके आणि वर्दळ कमी असेल.

डब्यात गोंगाट कुठे असतो?

आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. रेल्वेच्या भाषेत बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची चौकट. प्रत्येक डब्याला अशा दोन बोगी असतात, दोन्ही टोकांकडे एकेक. नव्या एलएचबी डब्याची लांबी साधारण साडेतेवीस मीटर आणि दोन बोगींच्या मध्यबिंदूंमधले अंतर जवळपास पंधरा मीटर असते. म्हणजे चाके टोकापासून सुमारे सव्वाचार मीटरवर, दाराजवळच्या पहिल्या एक-दोन कप्प्यांखाली येतात. रुळांच्या सांध्यांचा आणि स्टेशनाबाहेर रूळ बदलतानाचा खडखडाट तिथे थेट जमिनीतून वर येतो. डब्याच्या मध्यभागी खाली चाके नसतात. दोन आधारांच्या मधोमध असल्याने वरखाली हादरणेही तिथे कमी जाणवते.

टोकालाच शौचालये, वॉश बेसिन आणि दारे. रात्रभर ये-जा चालते, दिवा जळतो, दाराचा खटका वाजतो. एसी डब्यात हवा थंड करणारी यंत्रणा बहुधा दोन्ही टोकांना छतावर असते, त्यामुळे टोकाच्या अप्पर बर्थला तिचाही आवाज येतो. साइड बर्थ तर मधल्या वाटेला लागूनच. जाणाऱ्या-येणाऱ्याचा धक्का, पिशवी, चहावाल्याची हाक, सगळे कानाशी.

अख्ख्या गाडीचा विचार केला तर इंजिनाला लागून असलेल्या डब्यांना भोंगा जास्त ऐकू येतो. जनरेटर यान चालू असेल तर त्याच्या शेजारच्या डब्याला त्याची घरघर. गाडीतही मधले डबेच बरे. मुंबईहून परतताना कसाऱ्याला घाट चढण्यासाठी अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. तो हिसका शेवटच्या डब्यांत चांगलाच जाणवतो.

नंबरवरून ओळखा

स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये एका कप्प्यात आठ बर्थ असतात. बर्थच्या आकड्याला आठने भागा. बाकी १ किंवा ४ उरली तर लोअर, २ किंवा ५ उरली तर मिडल, ३ किंवा ६ उरली तर अप्पर. ७ उरली तर साइड लोअर आणि बाकी शून्य असेल तर साइड अप्पर.

डब्यात ७२ बर्थ असतील तर नऊ कप्पे होतात आणि मधला कप्पा ३३ ते ४० चा. स्लीपरच्या नव्या डब्यात ८० बर्थ असतात, तिथे मधले दोन कप्पे ३३ ते ४८ चे. दोन्हीकडे साधारण २५ ते ४८ हा पट्टा चांगला. १ ते १६ आणि शेवटचे सोळा बर्थ गोंगाटाचे. टू टायर एसीमध्ये कप्पा सहाचा असतो आणि पंचविशीच्या आसपासचे आकडे मधले. तिथे मिडल बर्थच नसल्याने माणसेही कमी.

कोणाला कोणता?

मधला कप्पा मिळाला तरी वर की खाली, हा प्रश्न उरतोच. धडधाकट माणसाला शांततेसाठी अप्पर बर्थ उत्तम. चाकांचा आवाज तिथे थोडा कमी पोहोचतो आणि वाटेवरून जाणाऱ्याचा धक्का लागत नाही. शिवाय, वर कुणी बसायला येत नाही. रेल्वेच्या नियमानुसार झोपण्याची वेळ रात्री १० ते सकाळी ६ अशी आहे. त्याआधी मिडल बर्थ उघडता येत नाही आणि लोअरवर सहप्रवासी बसलेले असतात. अमरावतीहून निघालेली गाडी भुसावळच्या आसपास येईतो दहा वाजतात. तोवर अकोला, शेगाव, मलकापूर येथे माणसे चढत राहतात, डबे उघडतात, गप्पा रंगतात. सकाळी ज्याचे महत्त्वाचे काम आहे आणि नऊलाच आडवे व्हायचे आहे, त्याने अप्परच मागावा.

ज्येष्ठ, गरोदर महिला, गुडघेदुखीचे रुग्ण, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले यांना मात्र लोअर बर्थच हवा. शांततेपेक्षा न पडणे महत्त्वाचे. मधुमेह किंवा प्रोस्टेटच्या त्रासामुळे ज्यांना रात्री तीन-चारदा उठावे लागते, त्यांना अगदी मधला कप्पा गैरसोयीचा. चालत्या गाडीत अंधारात लांब चालणे धोक्याचे असते. त्यांनी दारापासून तिसऱ्या कप्प्यातला लोअर बर्थ घ्यावा. चाकांच्या पलीकडे आणि शौचालयापासून फार लांब नाही, असा हा मधला मार्ग आहे. एकत्र प्रवास करणाऱ्या कुटुंबाने आधी ठरवावे की, उद्या सकाळी सर्वांत ताजेतवाने कुणी असायला हवे. सर्वांत शांत बर्थ त्याचा.

मिळवायचा कसा?

ठरावीक आकड्याचा बर्थ मागता येत नाही, हे खरे. पण लोअर, अप्पर अशी पसंती आरक्षणाच्या अर्जावर आणि आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरही देता येते. संकेतस्थळावर डब्याची पसंती देण्याची आणि ‘लोअर बर्थ मिळाला तरच तिकीट काढा’ अशी सोयही आहे. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील महिलांसाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो. सध्या आरक्षण ६० दिवस आधी उघडते. तपासणीची तारीख आधी कळत असेल तर तिकीटही तेव्हाच काढावे, कारण पर्याय लवकर आलेल्यालाच असतात. आरएसी तिकिटात साइड लोअरवर दोघांना बसून जावे लागू शकते, हे रुग्णासोबत जाताना लक्षात ठेवावे.

टोकाचा बर्थ मिळाला तर डब्यात शिरल्यावर नम्रपणे अदलाबदल विचारून पाहावी. अमरावतीहून सुटणाऱ्या गाडीत सुरुवातीलाच बसणाऱ्यांना ही संधी जास्त. झोपण्याआधी तिकीट तपासनीसाला बदल सांगून ठेवावा, म्हणजे रात्री कुणी उठवणार नाही.

नाहीच मिळाला तर?

फोमचे इअरप्लग हा सर्वांत स्वस्त उपाय. बोटांनी बारीक वळून, कान किंचित वर ओढून आत सरकवले आणि फुगेपर्यंत धरून ठेवले तर आवाज २० ते ३० डेसिबलने कमी होऊ शकतो. नुसते कानाच्या तोंडाशी अडकवले तर उपयोग नाही. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर ते वापरू नयेत. आवाज कमी करणारे महागडे हेडफोन चाकांची घरघर कमी करतात, पण बोलणे आणि फोनची रिंग तितकी रोखत नाहीत. उतरण्याचे स्टेशन चुकू नये म्हणून १३९ क्रमांकावरील डेस्टिनेशन अलर्ट लावावा आणि फोन व्हायब्रेशनवर उशीखाली ठेवावा.

एसी डब्यात डोके वाटेकडे न करता खिडकीकडे करावे. डोळ्यांवर रुमाल किंवा पट्टी बांधावी. घरची चादर किंवा उशीचा अभ्रा ओळखीचा वाटतो, त्याची मदत होऊ शकते. घोरणाऱ्याने कुशीवर झोपावे. बडनेऱ्याच्या फलाटावरचा चहा मोह घालतो, पण शरीरातले निम्मे कॅफिन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. सातचा चहा मध्यरात्रीही जागा असतो. झोपेची गोळी पहिल्यांदा गाडीत घेऊन पाहू नये. तोल जाऊन पडण्याचा आणि स्टेशन चुकण्याचा धोका असतो.

बस असो वा जहाज

हाच नियम इतरत्रही चालतो. पुण्याला जाणाऱ्या स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधला, खालचा बर्थ सर्वांत कमी हादरतो. मागच्या चाकावरचा आणि शेवटचा बर्थ सर्वांत जास्त. पण बसमध्ये शांततेच्या आधी संकटकालीन दार कुठे आहे, ते पाहावे. समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर खासगी बस पेटून २५ प्रवाशांचा जीव गेला, हे वऱ्हाड विसरलेले नाही.

आता मुंबईहून क्रूझने जाणारी वऱ्हाडी कुटुंबेही आहेत. जहाज लाटांवर सी-सॉसारखे पुढे-मागे झुलते, मधोमध कमीत कमी. म्हणून केबिन जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यांवर घ्यावी. तिच्या वर आणि खाली केबिनच असाव्यात, नाचगाण्याचा हॉल किंवा स्वयंपाकघर नको. पुढच्या टोकाला नांगराची साखळी, मागच्या टोकाला पंखा आणि यंत्रांची थरथर, तर लिफ्टजवळ रात्रभर वर्दळ. तिथे नकाशा पाहून केबिन निवडता येते. २०१४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत नव्या मोठ्या जहाजांवर खलाशांच्या झोपण्याच्या खोलीतही ५५ डेसिबलची मर्यादा आहे, कारण न झोपलेला खलाशी जहाजालाच धोका असतो.

रेल्वेत रात्री दहानंतर मोठ्याने बोलणे, इअरफोनशिवाय गाणी लावणे आणि मोठे दिवे जाळणे नियमाला धरून नाही. त्याची तक्रार १३९ वर करता येते. पण शेजारच्या बर्थवर उद्या केमोथेरपीला जाणारा कुणी असू शकतो, एवढे ध्यानात ठेवून दहा वाजता आपला फोन ‘सायलेंट’ केला तर तक्रारीची वेळच येणार नाही. त्याला मधला बर्थ मिळाला नसेल, तर आपला देता येतो का, तेही पाहावे.