युद्ध आणि समाज : भरलेला खजिना, दुरावलेली रयत

युद्धाला पैसा, माणसे आणि माल लागतो, हे मागील लेखात पाहिले. पण या तिन्ही गोष्टी केवळ हुकमाने उभ्या राहतात का? हैदराबाद संस्थानाचा अनुभव सांगतो की काही काळ राहतात, कसोटीच्या वेळी नाही. दूरच्या युद्धासाठी निजामाचा हात सढळ होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या स्क्वाड्रनची विमाने त्याच्या पैशातून आली. हे खजिन्याचे दान होते. त्यासाठी रयतेचे मन वळवावे लागले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मात्र सक्तीची धान्य लेव्ही थेट शेतकऱ्याच्या खळ्यावर आली. तिचा भार लहान शेतकऱ्यांवर पडला, आणि १९४६ मध्ये पेटलेल्या तेलंगणातील उठावामागे वेठबिगारीबरोबर या लेव्हीचा रागही होता.

संस्थान भारतात सामील झाले नव्हते, आणि १९४८ मध्ये युद्ध दाराशी आले. संस्थानाकडे स्वतःचे चलन, टपाल, फौज आणि रेल्वे होती. राजधानीत नामपल्लीचे स्थानक १९०७ पासून उभे होते. पण तिथून समुद्र गाठायचा तर भारताच्या हद्दीतूनच जावे लागे. भारताकडून नाकेबंदी झाल्यावर पेट्रोल आणि औषधांची टंचाई भासू लागली. सिडनी कॉटन या वैमानिकाची विमाने कराचीहून चोरून शस्त्रे आणत होती. शस्त्रे अशी आणता आली, प्रजेचा पाठिंबा आणता आला नाही. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शस्त्रे खाली ठेवली.

यावर कोणी म्हणेल, दोन्ही बाजूंच्या बळातच इतकी तफावत होती, तिथे लोकमताचा काय संबंध? पराभव अटळ होता, हे मान्य. परंतु याच भूमीवर तेलंगणातील सशस्त्र शेतकऱ्यांनी निजामाहून कितीतरी तुटपुंज्या साधनांनी त्याच भारतीय फौजेशी १९५१ पर्यंत झुंज दिली. त्यांच्यामागे गावे होती. निजामाच्या फौजेला माघार घेऊन आसरा घ्यायला गाव नव्हते. दुसरा आक्षेप निजामाची बाजू घेणाऱ्या सशस्त्र रझाकारांचा : ती लोकांचीच संघटना नव्हती का? होती, पण एका गटाची. बहुसंख्य प्रजेला धाक घालून तिने राज्याचा पाया आणखी पोखरला. मराठवाड्यातून लोक सीमेपलीकडे जात होते आणि तिथल्या शिबिरांतून हैदराबाद स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते राज्याविरुद्ध लढा चालवत होते.

१९६५ च्या युद्धानंतर याच निजामाने पाच हजार किलो सोने देशाला दान केल्याची कथा आजही सांगितली जाते. प्रत्यक्षात त्याने राष्ट्रीय संरक्षण सुवर्ण रोख्यांत ४२५ किलो सोने गुंतवले होते. यामुळे कोणाच्या देशभक्तीला उणेपणा येत नाही. रोखे घेणारा सरकारवर विश्वास टाकतो आणि सरकार परतफेडीला बांधले जाते. दान एका श्रीमंताच्या मर्जीवर थांबते; असा करार शेतकरी, नोकरदार आणि माजी राजा यांना एकाच अटीवर सामील करून घेतो. म्हणून युद्धाची तयारी मोजताना कोठारांआधी हे पाहावे, की संकटात राज्याने हात पुढे केला तर जनता त्याला उसने देईल का.