एका ट्रकाचा जमाखर्च

नफातोट्याची उदाहरणे आपण वर्गात सोडवतो आणि उत्तर जुळले की वही मिटतो. परंतु काही उदाहरणे अशी असतात की त्यांचे उत्तर चुकल्यास घर गहाण पडते. स्वतःच्या मालकीचा ट्रक स्वतः चालवून निर्वाह करणाऱ्या मनुष्याचे उदाहरण या प्रकारातले आहे. सांगे, केपे, डिचोली आणि सत्तरी या तालुक्यांत गेल्या काही दशकांत शेकडो कुटुंबांनी ते प्रत्यक्ष सोडवले. कोणाचे सुटले, कोणाचे बिघडले. ते का, याचा शांतपणे विचार करावा या हेतूने हा लेख लिहीत आहे.

गोमंतकातील लोहखनिज 1950 च्या दशकात प्रामुख्याने जपानकडे जाऊ लागले. खाणीवरून ते ट्रकाने नदीकाठच्या धक्क्यावर न्यावयाचे, तेथे बार्जेत भरावयाचे आणि मांडवी किंवा झुआरी नदीतून मुरगाव बंदराकडे पोहोचवावयाचे, अशी ही साखळी. तिच्यातील पहिला दुवा म्हणजे ट्रक. एकविसाव्या शतकाच्या आरंभी चीनमधील पोलाद कारखान्यांची भूक वाढली आणि पूर्वी टाकाऊ मानलेल्या कमी प्रतीच्या खनिजालाही गिऱ्हाईक मिळू लागले. 2010-11 साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून अधिक खनिज परदेशी गेले. बँका कर्ज देण्यास तत्पर होत्या. शेजाऱ्याच्या अंगणात नवा ट्रक उभा राहिला की आपल्याही अंगणात तो हवा असे वाटणे स्वाभाविक होते.

आता या धंद्याचे गणित पाहू. पुढील आकडे केवळ समजुतीसाठी कल्पिले आहेत. प्रत्यक्षातील आकडे काळाप्रमाणे बदलतात, पण त्यांचा परस्परसंबंध बदलत नाही.

ट्रकाचा खर्च दोन प्रकारचा असतो. डिझेल, वंगण, टायरांची झीज हा खर्च चाक फिरले तरच होतो. कर्जाचा हप्ता, विमा, रस्ताकर, परवाना यांचा खर्च मात्र ट्रक अंगणात उभा असला तरी चुकत नाही. पहिल्यास चलखर्च आणि दुसऱ्यास स्थिरखर्च म्हणू. एका फेरीचे भाडे 1,800 रुपये आणि चलखर्च 1,000 रुपये धरला, तर फेरीमागे 800 रुपये उरतात. खनिजाच्या वाहतुकीत परतीची फेरी रिकामीच असते, म्हणून येण्याचे डिझेलही या चलखर्चातच मोजले पाहिजे.

स्थिरखर्च दरमहा 36,000 रुपये मानला तर तो वर्षास 4,32,000 होतो. मालकाच्या घरखर्चास दरमहा 16,000, म्हणजे वर्षास 1,92,000 लागतात. तिसरी रक्कम बहुतेकांच्या वहीत नसते. इंजिन उघडण्याची वेळ आज ना उद्या येणारच. कर्ज फिटते त्या दिवशी ट्रक आपला होतो खरा, परंतु तो नवा राहिलेला नसतो, आणि पुढचा ट्रक घेताना स्वतःचा वाटा उभा करावा लागतो. या झिजेसाठी दरमहा 12,000, म्हणजे वर्षास 1,44,000 बाजूस ठेवणे प्राप्त आहे. एकूण बेरीज 7,68,000 रुपये झाली. फेरीमागे 800 रुपये उरत असल्यास वर्षाला 960 फेऱ्या हव्यात.

येथे आपला पावसाळा आडवा येतो. जून ते सप्टेंबर खनिजाची वाहतूक बंद असते. म्हणजे बारा महिन्यांचा खर्च आठ महिन्यांच्या कमाईतून भागवावयाचा. महिन्यास 120 फेऱ्या, आणि महिन्यात 24 दिवस काम धरल्यास रोज पाच फेऱ्या झाल्या.

पाचाऐवजी रोज चारच फेऱ्या मिळाल्या तर काय होईल? वर्षात 768 फेऱ्यांतून 6,14,400 रुपये उरतील. स्थिरखर्च वजा जाता हाती 1,82,400 राहतील. घर जवळजवळ नीट चालेल, हप्ते चुकणार नाहीत आणि धंदा उत्तम चालला आहे असे मालकास वाटेल. वास्तविक झिजेसाठी त्याने एक पैही बाजूस ठेवलेली नसते. तो भाडे खात नसून हळूहळू स्वतःचा ट्रकच खात असतो! आणि रोज तीनच फेऱ्या मिळाल्या, तर स्थिरखर्च भागवून संपूर्ण वर्षासाठी घरात अवघे 28,800 रुपये येतील. पाचाच्या तीन फेऱ्या झाल्या म्हणून उत्पन्न पाचातील तीन भाग राहील अशी कल्पना करणारा येथेच फसतो. स्थिरखर्च आधी आपला वाटा उचलतो. मालकाच्या पानात उरलेसुरले पडते.

फेऱ्या कमी का होतात? धंदा बरा चालला आहे असे पाहून गावात आणखी ट्रक येतात. खाणीवर रांग लागते. खनिज तेवढेच असले आणि ट्रक दीडपट झाले, तर प्रत्येकाच्या वाट्याची फेरी घटते. अशा वेळी दोन मोह उत्पन्न होतात. पहिला मोह अधिक माल भरण्याचा. भाडे टनावर मिळत असेल तर दहा टनांच्या जागी पंधरा टन भरावे असे वाटते. परंतु अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1958 ते 1960 या काळात झालेल्या प्रसिद्ध रस्ताचाचणीतून असे दिसले की आसावरील भार वाढला की रस्त्याची हानी साधारणतः त्याच्या चौथ्या घाताने वाढते. दीडपट भाराने रस्ता सुमारे पाचपट झिजतो. तोच खड्डा पुढे आपल्याच ट्रकाचे पाटे मोडतो, आणि उतारावर ब्रेक दगा देतात ते वेगळेच. दुसरा मोह वेगाचा आणि जागरणाचा. पगारी चालकांसाठी 1961 च्या कायद्याने दिवसाला आठ तासांच्या कामाची मर्यादा घातली होती. पण जो स्वतःच मालक आणि स्वतःच चालक, त्याला 'आता पुरे, घरी जा' असे सांगणारा वरिष्ठ कोठून यावा? ते त्याने स्वतःलाच सांगावे लागते, आणि हे काम ट्रक चालवण्याहून कठीण आहे.

एवढ्यावर भागले असते तरी बरे. सप्टेंबर 2012 मध्ये न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेपुढे आला. त्याच महिन्यात राज्य शासनाने खाणकाम स्थगित केले आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. एप्रिल 2014 मध्ये वार्षिक दोन कोटी टनांच्या मर्यादेत बंदी उठली. परंतु फेब्रुवारी 2018 मध्ये न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा थंडावल्या. खाणपट्ट्यांचे लिलाव 2022 साली सुरू झाले, तोवर अंगणातल्या अनेक ट्रकांवर वेली चढल्या होत्या. खाण थांबली, पण हप्ता थांबला नाही. शासनाने ट्रकमालकांसाठी आणि कर्जदारांसाठी साहाय्याच्या योजना काढल्या. त्यांनी आधार दिला, पण गेलेली वर्षे परत मिळाली नाहीत. खाणींवरील निर्बंधांमागे कायद्याची आणि पर्यावरणाची सबळ कारणे होती, हेही न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. धुळीने माखलेली शेते आणि गाळाने भरलेले ओहोळ हाही याच जमाखर्चातील एक रकाना होता. तो कोणीच भरला नव्हता.

अशा संकटात जे तगले त्यांच्यात काही समान गुण आढळतात. त्यांनी एकच ट्रक घेतला, आणि पहिला फिटल्याविना दुसऱ्याकडे पाहिले नाही. किमतीचा मोठा वाटा स्वतः उभारला, त्यामुळे हप्ता लहान राहिला. कुळागर आणि राहते घर त्यांनी तारण ठेवले नाही. पावसाळ्यात ट्रक उघडून स्वतः दुरुस्ती शिकले. खाण बंद पडताच चिरे, खडी, बांधकामाचे सामान अशी मिळतील ती भाडी धरली. आणि रोज रात्री, कितीही थकवा असो, फेऱ्या, डिझेल व खर्च वहीत टिपून ठेवला. उलट ज्यांनी भरभराटीच्या वर्षाची कमाई हीच कायमची कमाई समजून दोन-तीन ट्रक घेतले, त्यांचे सर्व ट्रक एकाच दिवशी उभे राहिले. तीन ट्रक म्हणजे तीन आधार, असे त्यांस वाटले होते. पण तिन्ही एकाच गिऱ्हाइकावर अवलंबून असल्याने तो वस्तुतः एकच आधार होता.

यातून ट्रकाचा धंदा वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये. श्रमाने आणि सचोटीने चालवलेल्या ट्रकाने अनेक मुलांना महाविद्यालयापर्यंत पोहोचवले आहे, आणि आपल्या शाळेच्या बाकांवरही अशी मुले बसलेली आहेत. त्यांच्या वडिलांची विद्या पुस्तकी नसली तरी थोर आहे. तथापि अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण पाळावयाची तर प्रथम अंथरूण मोजता आले पाहिजे, आणि तेही भरभराटीच्या नव्हे तर मंदीच्या वर्षाच्या मापाने. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी असा एखादा ट्रक, रिक्षा, होडी किंवा दुकान असेल, त्यांनी या सुट्टीत वडिलांजवळ बसून दोन रकाने आखावेत. एकात चाक फिरल्यावर होणारा खर्च लिहावा आणि दुसऱ्यात चाक थांबल्यावरही होणारा. दुसरा रकाना जितका लहान ठेवता येईल, तितकी त्या घरास रात्री शांत झोप लागेल.