बुळकांडी आणि विषाचा आळ

पिंपरीतून पशुवैद्यकाला जाणाऱ्या आमच्या मुलांना एक गोष्ट माहीत हवी. शेजारच्या पुण्यात 1889 साली जनावरांच्या रोगांची सरकारी प्रयोगशाळा निघाली. प्रमुख डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड. 1893 ला ती मुक्तेश्वरला हलली, बुळकांडीवरचे त्यांचे संशोधन तिथे चालले. त्याच शतकात उत्तरेत गुरे पटापट मेली की विष घातल्याचा आळ कातडी सोलणाऱ्या चर्मकारांवर येई. कळपच्या कळप संपवणारी बुळकांडी तर विषाणूची! मेलेले ढोर ओढणाऱ्या आपल्या बापजाद्यांनी हा रोग सर्वांत जवळून पाहिला. त्यांना विचारले कोणी? मृतमांस सोडा, असे बाबासाहेबांनी 1927 ला महाडला बजावले, तो स्वाभिमानाचा प्रश्न होता. बुळकांडी जगातून गेल्याचे जाहीर व्हायला 2011 उजाडले.